गळ्यावरून गेलेले क्षितिज

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात काढलेली माझी जुनी छायाचित्रे परवा पुन्हा पाहिली. क्षितिजरेषा सरळ आहे, चौकटीच्या वरच्या तृतीयांशावर आहे, आणि तरीही चित्र फसले आहे. कारण समुद्राची ती गडद रेघ उभ्या असलेल्या बहुतेक माणसांच्या गळ्यावरून गेली आहे.

क्षितिज कुठे ठेवावे असे विचारले की सगळे तृतीयांशाच्या नियमाकडे बोट दाखवतात: चौकटीचे तीन समान भाग करायचे आणि रेषा मधोमध न ठेवता वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर ठेवायची. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ मध्ये, म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच, निसर्गचित्रांसाठी मांडला होता. ढग पाहण्यासारखे असतील तर रेषा खाली आणि ओल्या वाळूत रंग उतरले असतील तर वर, इतपत तो उपयोगी आहे. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या समुद्राच्या छायाचित्रांत मात्र क्षितिज बरोबर मध्यावर असते. पाणी आणि हवा यांखेरीज तिथे काहीच नसल्याने ती समान वाटणी शोभून दिसते.

लिलावाच्या गर्दीत प्रश्न वेगळाच असतो. कॅमेरा वरखाली कलवला तर रेषा चौकटीत सरकते, पण माणसांच्या अंगावरची तिची जागा तसूभरही बदलत नाही. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला असते आणि समोरच्या प्रत्येक वस्तूला त्याच उंचीवर छेदते, मग ती वस्तू दहा फुटांवर असो वा शंभर. (किनारा उतरता असल्यास पाण्याजवळच्या माणसांवर रेषा थोडी वर चढते.) मी कॅमेरा हनुवटीखाली धरून मागच्या पडद्यात पाहत होतो, गळे कापले जाणारच होते. गुडघ्यांवर बसलो असतो तर डोकी मोकळ्या आकाशात गेली असती, आणि एखाद्या उंच जागी चढलो असतो तर ती सगळी क्षितिजाच्या खाली राहिली असती. बंदरासमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट तेवढा दोन्ही वेळा रेषेच्या वरच दिसला असता, कारण तो माझ्याहून पुष्कळ उंच आहे.

तिरपे क्षितिज संगणकावर सरळ करता येते, कडा कापून चौकटीतली त्याची जागाही बदलता येते. गळ्यावरची रेघ मात्र तशी हलवता येत नाही. म्हणून पुढच्या खेपेस मी टोपल्यांच्या ओळीशेजारी उकिडवा बसलो. पँट खाऱ्या पाण्याने भिजली, आणि चौथे छायाचित्र घेईपर्यंत मागून आलेल्या बैलगाडीला वाट देण्यासाठी उठावे लागले.