पाऊणपट भरती

स्कॉटलंडमधल्या लॉख फाइनच्या काठी आठवडाभर काहीही करायचं नाही, एवढंच ठरवून गेलो होतो. ग्लासगोहून दीड-दोन तासांचा रस्ता. वाटेत एका घाटाचं नाव 'रेस्ट अँड बी थँकफुल'. अठराव्या शतकात लष्करी रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी माथ्यावरच्या दगडावर तसं कोरलं होतं. अर्थ सांगितला तर आईने हात जोडले. घाट संपला की ती कुठेही जोडते.

इन्व्हरेरी गाव मागे पडलं आणि गाडीच्या काचेतून तिने निकाल दिला, "ही तर खाडी!"

खाडीच ती. लॉख म्हटलं की तळं वाटतं, पण इथे समुद्र जवळपास 65 किलोमीटर आत घुसलाय. आपल्या खाडीला चिखल आणि कांदळवन, हिला हिमनदीने कोरलेली खोल दरी आणि काठावर गोटे, शेवाळ. शिवाय 'लॉख'मधला शेवटचा ख आईला पहिल्या फटक्यात जमला. इथले पुष्कळ इंग्रज 'लॉक' म्हणून मोकळे होतात.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं होतं. आईने तिकडे बघितलंही नाही. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट, साडेचारला भरती." रत्नागिरीत आजोबांचा हाच हिशोब होता: भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं. लेकाने पाण्याच्या कडेला दगड मांडला आणि आजीला खुर्ची दिली.

साडेचार झाले. पाणी अजून चढतच होतं. पाच. दगड बुडाला, तरी थांबेना. शेवटी पावणेसहाला तटलं, कोष्टकात होतं तेव्हाच. आई काही बोलली नाही, पण चहा नको म्हणाली.

संध्याकाळी वारा पडला आणि मिजेस आल्या. चिलटांएवढ्या, पण चावऱ्या, आणि चावते ती मादीच. आम्ही आत पळालो. जेवायला मॅकरेल होता. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, फक्त पाठीवर वाघाचे पट्टे. तिरफळं आईच्या पर्समध्ये होती, असतातच. दुसऱ्या वाढपाला ती जराशी निवळली.

रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड. जून महिना, सूर्य नुकता कुठे डोंगराआड चालला होता. आई खिडकीशी उभी. एकदम वळली.

"काय रे, तुम्ही उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करता ना?"

"हो."

"मग भरती पावणेपाचला झाली."

मी गप्प.

"पाव तास," आई म्हणाली. "पाव तासासाठी मला दिवसभर छळलंत. चहा टाक आता."