टपाल कोणत्या नावाने येते?

मुंबईच्या जीपीओमध्ये तीसेक वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले माझे मामा गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे वॉशिंग्टनला आले होते. एका संध्याकाळी आम्ही विस्कॉन्सिन अव्हेन्यूने जॉर्जटाऊनच्या दिशेने उतरत असताना रशियन दूतावासासमोर ते थांबले, कारण रस्त्याच्या नेहमीच्या पाटीखेरीज तेथे आणखी एक पाटी होती आणि तिच्यावर ‘बोरिस नेम्त्सोव प्लाझा’ असे लिहिलेले होते. मामा जन्माने दादरचे, त्यामुळे प्लाझा म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमाचे थिएटर येते. येथे तर थिएटर नाही आणि चौकही नाही, नुसता वाहता रस्ता आहे. नेम्त्सोव कोण हे त्यांनी नंतर विचारले. त्यांचा पहिला प्रश्न खास त्यांच्या खात्यातला होता. “अरे, पण दूतावासाचं टपाल या नावाने येतं का?”

येत नाही. दूतावासाचा पत्ता पूर्वीही २६५० विस्कॉन्सिन अव्हेन्यू होता आणि आजही तोच आहे. हे नाव मानद आहे, म्हणजे पाटी लागते, समारंभ होतो, पण नकाशातले आणि टपालातले नाव बदलत नाही. हे ऐकून मामांनी “मग काय उपयोग?” अशा अर्थाने हात उडवला, आणि त्या हात उडवण्याला त्या वेळी माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. तेव्हापासून या पाटीविषयी लिहायचे मनात होते.

नेम्त्सोव मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९५९ साली सोची येथे झाला, पण ते वाढले गोर्की शहरात, ज्याला आता पुन्हा निझ्नी नोव्हगोरोद हे जुने नाव मिळाले आहे. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा ते त्या प्रांताचे गव्हर्नर झाले, १९९७ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारात पहिले उपपंतप्रधान झाले आणि काही काळ येल्त्सिन यांचे वारसदार म्हणूनही त्यांचे नाव घेतले जात होते. पुढे पुतिन यांच्या राजवटीत ते विरोधी बाकांवर गेले आणि मग बाकांवरूनही बाहेर, रस्त्यावर आले. भ्रष्टाचारावर अहवाल छापणे, ते लोकांना वाटणे, मोर्चे काढणे, अटक होणे, सुटून पुन्हा मोर्चा काढणे, हाच त्यांचा शेवटच्या दशकातील दिनक्रम होता. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास, क्रेमलिनच्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बोल्शोय मोस्क्वोरेत्स्की पुलावर त्यांना पाठीमागून गोळ्या घालण्यात आल्या. दोनच दिवसांनी, १ मार्चला, ज्या मोर्चाची हाक त्यांनी दिली होती तो त्यांच्याच शोकयात्रेत बदलला. २०१७ साली पाच चेचेन पुरुषांना शिक्षा झाल्या. गोळ्या झाडणारा म्हणून दोषी ठरलेला झाऊर दादायेव हा चेचन्यातील एका सरकारी सशस्त्र तुकडीचा माजी अधिकारी होता आणि त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. हत्या कोणी करवली, याचे उत्तर मात्र त्या निकालात नाही.

वॉशिंग्टनमधली पाटी आधी अमेरिकी संसदेतून यायची होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिनेटर मार्को रुबियो यांनी सिनेटमध्ये तसे विधेयक मांडले, पण ते अडकून पडले. मग वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने विषय हाती घेतला, जानेवारी २०१८ मध्ये एकमताने ठराव केला आणि हत्येच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, पाटीचे अनावरण झाले. नेम्त्सोव यांची कन्या झान्ना त्या वेळी हजर होती. या नावासाठी सर्वांत अधिक खटपट केलेले त्यांचे मित्र व्लादिमिर कारा-मुर्झा हेही होते. कारा-मुर्झा यांच्यावर तोवर दोनदा, २०१५ आणि २०१७ मध्ये, विषप्रयोग होऊन ते मरणाच्या दारातून परत आलेले होते. पुढे २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्यांना देशद्रोहाखाली २५ वर्षांची शिक्षा सुनावली आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. दूतावासासमोरच्या त्या खांबाखाली उभ्या राहिलेल्या माणसाचा हा पुढचा प्रवास ठाऊक असला, की पाटीला केवळ शोभेची म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही मामांची शंका रास्त आहे, कारण दुसऱ्याच्या दारात पाटी लावणे हे तुलनेने सोपे काम आहे आणि ते सगळ्यांनी करून पाहिले आहे. कोलकात्यात अमेरिकन वकिलात ज्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर होती, त्या रस्त्याला व्हिएतनाम युद्धाच्या काळात हो चि मिन्ह सरणी हे नाव देण्यात आले. ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ या घोषणांचे ते दिवस होते, आणि आजही त्या वकिलातीच्या पत्त्यात अमेरिकेच्या जुन्या शत्रूचे नाव लिहावे लागते. तेथे मात्र टपाल त्याच नावाने येते. मामांना हे ऐकून फार समाधान वाटले. तेहरानने १९८१ मध्ये याहून टोकाचा खेळ केला. ब्रिटिश दूतावासाच्या बाजूच्या चर्चिल रस्त्याला, ब्रिटिशांच्या तुरुंगात ६६ दिवस उपोषण करून मरण पावलेल्या आयरिश बंडखोर बॉबी सँड्स यांचे नाव देण्यात आले. ब्रिटिशांनी मग दुसऱ्या अंगाच्या फिरदौसी रस्त्याचा पत्ता वापरायला सुरुवात केली. ज्या वर्षी ही पाटी लागली, त्याच वर्षी इराणचे नवे सरकार स्वतःच्या विरोधकांना घाऊक प्रमाणात फासावर चढवत होते. परक्या तुरुंगातल्या बंडखोराचा गौरव आणि घरच्या बंडखोराला दोर, हे दोन्ही एकाच शहरात एकाच ऋतूत चालले होते.

अमेरिकेचेही पाय मातीचेच आहेत. चीनच्या तुरुंगात असलेले नोबेलविजेते लिऊ शियाओबो यांचे नाव वॉशिंग्टनच्या चिनी दूतावासासमोरच्या रस्त्याला देण्याचे विधेयक २०१६ मध्ये सिनेटने संमत केले, तेव्हा ओबामा सरकारने नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला आणि प्रकरण तेथेच थांबले. पुढच्याच वर्षी लिऊ कैदेत असतानाच कर्करोगाने गेले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारले गेलेले पत्रकार जमाल खाशोगी यांच्या नावाची पाटी सौदी दूतावासासमोर लागली ती १५ जून २०२२ रोजी, तीही नगर परिषदेच्या एकमुखी ठरावाने. त्यानंतर बरोबर एका महिन्याने अध्यक्ष बायडेन जेद्दाला गेले आणि सौदी युवराजांच्या मुठीला त्यांनी मूठ भिडवली, ते छायाचित्र जगभर छापून आले. नगर परिषदेला तेल विकत घ्यायचे नसते आणि शस्त्रे विकायची नसतात, म्हणून ती खरे बोलू शकते, असा याचा एक अर्थ मी लावतो. तिच्या खरे बोलण्याने तेलाच्या भावात काहीच फरक पडत नाही, हा दुसरा अर्थही मला नाकारता येत नाही.

पाट्यांच्या या लढाईतला सर्वांत चुरशीचा सामना प्राग शहरात झाला. २७ फेब्रुवारी २०२० रोजी प्रागने रशियन दूतावासासमोरच्या चौकाचे ‘पोद काश्तानी’, म्हणजे ‘चेस्टनटच्या झाडांखाली’, हे नाव बदलून बोरिस नेम्त्सोव चौक असे केले, आणि जवळच्या उद्यानातील एका पायवाटेला २००६ मध्ये मॉस्कोत गोळ्या घालून मारलेल्या पत्रकार आना पोलित्कोव्स्काया यांचे नाव दिले. येथे नाव मानद नव्हते, पत्ताच बदलला होता. तेव्हा दूतावासाने वाद घालण्यापेक्षा दुसरी वाट धरली आणि मागच्या बाजूला कोरुनोवाच्नी रस्त्यावर असलेल्या आपल्या वाणिज्य दूतावासाचा पत्ता अधिकृत म्हणून लिहायला घेतला. प्रागकरांनी दोन वर्षे वाट पाहिली आणि २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, त्या रस्त्याच्याही एका भागाला ‘युक्रेनी वीरांचा रस्ता’ असे नाव देऊन मागचे दारही बंद केले. हे मी मामांना सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “बीटवरच्या पोस्टमनचे हाल झाले असतील.” गंमत तेवढ्यापुरतीच होती. २०२० च्या वसंतात प्रागच्या महापौरांना विषप्रयोगाच्या धमकीच्या बातम्यांमुळे पोलीस संरक्षणात राहावे लागले होते, त्यामुळे त्या पाटीची किंमत वॉशिंग्टनपेक्षा पुष्कळ जास्त होती.

मॉस्कोनेही उलटी पाटी लावायला कमी केले नाही. २०१८ मध्ये रशियातील राष्ट्रवादी नेते झिरिनोव्स्की यांच्या पक्षाने अमेरिकन दूतावासाजवळच्या गल्लीला ‘उत्तर अमेरिकन बंद गल्ली’ म्हणावे असे सुचवले, ते हसण्यावारी गेले. जून २०२२ मध्ये मात्र दूतावासालगतच्या जागेला खरोखरच ‘दोनेत्स्क लोक प्रजासत्ताक चौक’ असे, युक्रेनमधून फुटलेल्या रशियाधार्जिण्या प्रदेशाचे, नाव देण्यात आले, तेव्हा अमेरिकनांनी संकेतस्थळावर रस्त्याचे नाव न देता अक्षांश-रेखांश छापले. पत्ता म्हणून अक्षांश-रेखांश लिहिणारी कचेरी जीपीओच्या सगळ्या नोकरीत मामांच्या पाहण्यात आली नव्हती.

या सगळ्यात खुद्द मॉस्कोत नेम्त्सोव यांच्या नावाचे काय झाले, हा भाग मला या विषयाचा गाभा वाटतो. ज्या पुलावर ते पडले तेथे स्मृतिफलक लावू द्यावा, ही मागणी शहराने मान्य केली नाही. माणूस गेल्यानंतर दहा वर्षे लोटल्याशिवाय त्याच्या नावाचे फलक किंवा रस्ते करू नयेत, असा मॉस्कोचा नियम आहे आणि नियम म्हणून तो वाईटही नाही, आपल्याकडे असता तर अनेक चौक वाचले असते. पण चेचन्याचे अध्यक्ष अख्मत कादिरोव्ह मे २००४ मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले, तेव्हा त्याच वर्षी, रहिवाशांचा विरोध असताना, मॉस्कोच्या युझ्नोये बुतोवो भागात कादिरोव्ह रस्ता झाला. त्यांचेच चिरंजीव रमझान यांनी पुढे नेम्त्सोव खटल्यातील दादायेवला ‘रशियाचा सच्चा देशभक्त’ म्हटले. नियमाला अपवाद कोणासाठी करायचा हे ठरवण्यातच शहराने आपली बाजू सांगून टाकली. नेम्त्सोव यांच्यासाठीची दहा वर्षे २७ फेब्रुवारी २०२५ रोजी पूर्ण झाली आणि पुलाचे नाव आहे तेच राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये मालाया ओर्दिन्का रस्त्यावर ते राहत होते त्या इमारतीवर एक छोटा फलक लागला, तेवढाच काय तो.

पण पुलाला लोक ‘नेम्त्सोव मोस्त’, नेम्त्सोव पूल, म्हणतात. हत्येच्या रात्रीपासून तेथे फुले, मेणबत्त्या आणि तसबिरी ठेवायला सुरुवात झाली. महापालिकेचे कामगार ते उचलून नेत, कधी राष्ट्रवादी टोळकी येऊन लाथाडून जात, आणि लोक पुन्हा फुले आणत. मग काही स्वयंसेवकांनी पाळ्या लावून दिवसरात्र पहारा सुरू केला. मॉस्कोच्या हिवाळ्यात, नदीवरच्या वाऱ्यात, चोवीस तास, वर्षानुवर्षे. पहाऱ्यावर असलेल्या एका स्वयंसेवकाला २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी येऊन मारहाण केली आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतरही पहारा उठला नाही. त्यांनी ना ठराव केला, ना खांब रोवला.

वॉशिंग्टनच्या पाटीला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. कारा-मुर्झांनी नावासाठी दुसऱ्या देशाचा रस्ता शोधला, कारण त्यांच्या देशाने नाव लावू दिले नाही. कधीतरी रशियाचेच लोक या पाटीचा अभिमान बाळगतील, असे ते सांगत आले आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे, की आपल्या सरकारच्या अंगणात, आपल्याच सरकारच्या विरोधकाचे नाव लावणे आणि शेजाऱ्याच्या अंगणात त्याच्या विरोधकाचे नाव लावणे, या दोन कामांचे वजन वेगवेगळे आहे आणि ते एकाच तागडीत टाकता येत नाही.

हे बोलत असताना मामांनी आपोआपच फ्लोरा फाउंटनचा विषय काढला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तेथे संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शकांवर मुंबई राज्याच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्या आंदोलनात एकूण १०६ हुतात्मे झाले असे आपण म्हणत आलो, आणि राज्य झाल्यावर त्याच जागेला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. गोळीबार करणाऱ्या सरकारचा आणि नाव देणाऱ्या सरकारचा पक्ष एकच होता. नाव देण्याची किंमत तेथे घरातच मोजावी लागली, म्हणून ते नाव मला वजनदार वाटते. मामांची नोकरी तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. त्यांच्या टेबलावर निम्मी पत्रे ‘फ्लोरा फाउंटन’ लिहून येत आणि निम्मी ‘हुतात्मा चौक’ लिहून. बसच्या कंडक्टरसाठी ते अजूनही नुसते ‘फाउंटन’ आहे. सॉर्टिंग करताना दोन्ही नावांची पत्रे एकाच गठ्ठ्यात बांधावी लागत आणि नव्या पोऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवावे लागे, असे मामा सांगत होते.

परतताना त्यांनी पाटीचा फोटो काढला. मग त्यांनी पुलाचा फोटो पाहायला मागितला. मी फोनवर शोधून दाखवला: कठड्याला टेकवलेली तसबीर, प्लॅस्टिकच्या बादल्यांत लाल कार्नेशन्स, वर थोडे बर्फ, मागे क्रेमलिनचे मनोरे. मामांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बादल्या मोजल्या आणि विचारले, “पाणी कोण बदलतं?”