आमची वाटचाल : ‘आला तसा’चा रकाना

१९९८ साली चिपळुणात बाजारपुलाकडच्या एका पत्र्याच्या गाळ्यात आम्ही सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे आतला दाब हाताबाहेर गेला की आपोआप उघडून तो सोडून देणारी झडप, तपासून दुरुस्त करण्याचं काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि माझे भावोजी. भांडवल म्हणाल तर हातपंपाचा एक टेस्ट बेंच, दोन गेज आणि भावोजींच्या बिडाच्या तीन लॅपिंग प्लेटा, म्हणजे व्हॉल्व्हचे भाग घासून सपाट करायच्या चकत्या. भावोजी बोटीवर इंजिन फिटर होते. प्लेटा तीनच का, तर दोनच एकमेकींवर घासल्या की एक खोलगट होते आणि दुसरी फुगते. तिसरी असली तरच तिन्ही सपाट राहतात. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना झाकण टेकतं ती कड, घासताना हात इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरायला हवा. पोरं चुकली की म्हणायचे, “मराठी आठ नको रे, त्याची टोकं जुळत नाहीत!” आणि हातावर चापट.

त्यांचा एक दंडक होता. व्हॉल्व्ह आला की पुसायचासुद्धा नाही. आहे त्या घाणीसकट बेंचवर चढवायचा आणि किती दाबाला उडतो, म्हणजे उघडतो, ते वहीत लिहायचं. त्या रकान्याचं नाव ‘आला तसा’. दहा किलोला (म्हणजे चौरस सेंटिमीटरवर दहा किलो दाबाला) सेट असेल तर तीन टक्के इकडेतिकडे, म्हणजे ९.७ ते १०.३ मध्ये उडायला पाहिजे. खोलून, लॅपिंग करून, स्प्रिंग लावून दिल्यावर सगळेच नीट उडतात, त्यात कसला मोठेपणा? पुढची तपासणी किती महिन्यांनी, हे त्या पहिल्या आकड्यावर ठरतं.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कंपनीचे, एकाच मेकचे दोन व्हॉल्व्ह सांगतो. दोन्ही दहा किलोचे. एक कोरड्या नायट्रोजनवर होता. तीन वर्षांनी आला आणि १०.१ ला उडाला. दुसरा रेझिनच्या रिअ‍ॅक्टरवरचा. सहा महिन्यांनीच आला, पंधरा किलोपर्यंत नेला तरी ढिम्म. खोलला तर नोझल (दाब आत येतो ते तोंड) आणि डिस्क (त्यावरचं झाकण) यांच्या मध्ये वाळलेल्या काकवीसारखा थर. या दोघांना एकच तारीख कशी लावणार?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ५१० नंबरचा कोड साधारण प्रोसेसला दोन तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त पाच वर्षं देतो, स्वच्छ आणि न गंजवणाऱ्या मालाला दहा. आपल्याकडे ‘जास्तीत जास्त’ गाळून फक्त आकडा वाचतात. आमची रीत अशी: पहिली मुदत वर्षाची. सलग दोनदा चांगला उडाला तर मुदत दीडपट. अडकला किंवा भलत्याच दाबाला उडाला तर निम्मी. बॉयलरची गोष्ट वेगळी. त्याचा दाखलाच वर्षाचा, तिथे आम्ही डोकं चालवत नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. व्हॉल्व्हमधून सुटलेला माल बाहेर नेणाऱ्या डिस्चार्ज पाइपाच्या कोपराला पाणी निथळायला भोक असतं, त्यात मे महिन्यात तार घालून बघा. कुंभारीण माशी तिथे हमखास मातीचं घर बांधते, आणि मग आपला पाऊस थेट डिस्कच्या डोक्यावर साचतो. समुद्रकाठी उघड्या बॉनेटचा, म्हणजे स्प्रिंगभोवतीचं कवच मोकळं असलेला, व्हॉल्व्ह असेल तर स्प्रिंगवर भरवसा ठेवू नका, खारा वारा आतून खातो. आणि व्हॉल्व्ह टेम्पोत आडवा टाकून पाठवू नका. परशुराम घाटातून लोळत आलेल्या व्हॉल्व्हचा जो आकडा येतो तो प्लँटचा नसतो, घाटाचा असतो.

मधली वर्षं बरी गेली. भावोजी थकले आणि आपल्या प्लेटा घेऊन गुहागरला घरी गेले. मी लॅपिंगचं मशीन घेतलं.

२००५ च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर होती. तिच्या दोन फूट वर फळी ठोकून सगळ्या वह्या ठेवल्या होत्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्या फळीवरूनही गेलं. मशीन, बेंच, गेज चिखलात. वह्यांचा लगदा.

त्यात चाचांचे सहा व्हॉल्व्ह गाळ्यातच होते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ चाचांचा बर्फाचा कारखाना, अमोनियावरचा; १९९९ पासूनचं आमचं गिऱ्हाईक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून त्यांचं काम त्याच दोन महिन्यांत करायचं. १ ऑगस्टला बोटींना बर्फ लागणार. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा चाचांनी विचारलं, “तू बरा हायस ना? घरातली?” व्हॉल्व्हचा विषय शेवटी मलाच काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत आमच्या प्रत्येक रिपोर्टची गुलाबी कार्बन कॉपी. “तुझ्या भावोजींनी सांगितलेलं, कागद फेकू नका. नाय फेकले.”

चिपळुणात वीज नव्हती. व्हॉल्व्ह घेऊन गुहागर गाठलं. भावोजींच्या पडवीत त्याच तीन प्लेटांवर हाताने लॅपिंग केलं, चाचांनी पाठवलेल्या नायट्रोजनवर आणि त्यांच्याच नव्या गेजवर टेस्ट केली. दोन स्प्रिंगा बदलल्या. भावोजींचा हात थरथरत होता, पण आठाचा आकडा एकदाही मोडला नाही. ३१ तारखेला व्हॉल्व्ह बसले.

बाकीच्यांचं काय? वही गेली म्हणजे मुदतीचा पुरावा गेला. लोट्यातल्या त्या कंपनीचे एकशे चाळीस व्हॉल्व्ह आमच्याकडे होते, त्यातले बरेच आम्ही हळूहळू दोन-तीन वर्षांवर नेले होते. मी पत्र लिहिलं: तुमच्या फायलीत जुने आकडे असतील तर द्या, नसतील तर पुन्हा वर्षापासून सुरुवात करावी लागेल. फायलीत फक्त शेवटची प्रमाणपत्रं निघाली. ‘आला तसा’ची प्रत त्यांच्या परचेसने कधी ठेवूनच घेतली नव्हती. वर साहेब म्हणाले, “पाणी तुमच्या वहीत शिरलं, आमच्या व्हॉल्व्हला काय झालं? धंदा वाढवायला पूर बरा सापडला!”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

काम गेलं ते आमच्याकडे दोन वर्षं सील मारायला असलेल्या मुलाकडे. त्याने गाडीवर बेंच बसवून घेतला होता. जागेवर काम, निम्मा दर आणि सगळ्यांना सरसकट पुढच्या तपासणीचा दोन वर्षांचा टॅग. कष्टाळू आहे, हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच्या रिपोर्टात ‘आला तसा’चा रकानाच नाही. आधी पुसतो, मग उडवतो.

आमचं निम्म्याहून जास्त काम त्या एका पत्राने गेलं. दोन पोरांना सोडावं लागलं. सिलिंडरवाल्याचं बिल अकरा महिने थकलं. तो माणूस दारात आला नाही, हे त्याचे उपकार. तरी उरलेल्या प्रत्येकाला आम्ही वर्षावरच आणलं. काही चिडले, काही राहिले.

आता बेंच माडीवर आहे. रिपोर्टच्या तीन प्रती निघतात, एक गुहागरला जाते. चाचा अजून गुलाबी कागद मागतात, त्यांच्यासाठी कार्बन ठेवलाय.

लोट्याला गेलो की त्या कंपनीच्या गेटबाहेर चहा घेतो. त्यांचा जुना सुपरवायझर भेटतो. परवा म्हणाला, सगळे टॅग हिरवे आहेत, सगळ्यांवर एकच महिना. मी विचारलं, रेझिनच्या रिअ‍ॅक्टरवरचाही? त्याने बशी खाली ठेवली आणि मान हलवली.