आधी एकक की आधी दशक?

टॉवेलच्या जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं माझ्याकडे बीएमपी फायलींतून येतात आणि मला त्या हेक्स एडिटरमध्ये उघडून बघायची खोड आहे. फायलीतला एकेक बाइट तो दोन अंकांत दाखवतो, पण दहाच्या नव्हे, सोळाच्या पटीत मोजून. पहिले अठरा बाइट सोडले की पुढच्या चारांत चित्राची रुंदी असते. समजा तिथे दिसलं ६० ०९ ०० ००. डावीकडून सरळ वाचलं तर रुंदी १६१ कोटी ठिपक्यांच्या घरात जाते. एवढा टॉवेल सोलापुरातले सगळे माग जुंपले तरी विणून व्हायचा नाही. तेच बाइट मागून पुढे घेतले, ०० ०० ०९ ६०, की निमूट २४०० निघतात. उलटायचे ते बाइट. बाइटच्या आतले दोन अंक जागचे हलवायचे नाहीत. ६० चे ०६ केलेत की बसा शोधत.

हे लिटल एंडियन, धाकटा म्हणजे कमी किमतीचा बाइट पुढे. इंटेलच्या प्रोसेसरांची हीच रीत. तेच चित्र पीएनजी केलं की थोरला पुढे येतो, ते बिग एंडियन. इंटरनेटचे प्रोटोकॉलही थोरल्याच्याच बाजूचे. टिफ ही चित्राचीच फाइल, त्यातल्या त्यात सभ्य. कोणती रीत पाळलीय ते पहिल्या दोन बाइटांतच सांगून टाकतं.

लोक याला किचकट म्हणतात. सोलापूरकरांनी तरी म्हणू नये. पूर्व भागात टॉवेल मोजताना एक जण ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी, वीस नंतर. शेजारचा तेलुगूत ‘इरवै ऐदु’, वीस आधी. तिसरा कानडीत ‘इप्पत्तैदु’, तेही वीस आधी. गठ्ठा तोच, हिशोब तोच.

तरी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ! संगणकवाल्यांतही कोणता बाइट आधी यावरून असंच जुंपलं होतं. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये त्यावर टिपण लिहिलं आणि गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या लिलिपुटवाल्यांची नावं दोन्ही पक्षांना चिकटवून दिली. टिपणावर तारीख १ एप्रिल.

माझा जीव मात्र पीडीपी-११ वर. १९७० चा हा संगणक. सोळा बिटांच्या आकड्यात धाकटा बाइट पुढे. पण बत्तीस बिटांचा आकडा आला की थोरला अर्धा आधी, आणि प्रत्येक अर्ध्याच्या आत पुन्हा धाकटा पुढे. जाणकार याला विचित्र म्हणून हसतात. आपलं ‘एकशे पंचवीस’ तरी दुसरं काय आहे? शंभर आधी, मग पाच, मग वीस.