ड्रॉइंगचे सर आणि टॉर्पेडोवाल्याचं घर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द’ लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा मेसेज आला. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. बोर्डात आलेल्यांच्या बॅचेस आहेत, खो-खोची टीम आहे. मी फक्त आपल्या ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहिणार आहे, आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या एका मठाचं दार वाजवणार आहे. तेवढी कळ सोसा.

सध्या मी ससेक्समध्ये असतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे क्रॉलीच्या पुढे, टर्नर्स हिल गावाशेजारी, वर्थचा बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा, मठ आहे. मठ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं तिथं सुरुवातीला काहीच दिसत नाही. दिसतो तो एका श्रीमंताचा खेड्यातला दगडी बंगला. ट्यूडर काळाची नक्कल, पण बांधकाम 1870 च्या आसपासचं. वास्तुकार अँथनी सॅल्व्हिन. हा माणूस जुने किल्ले दुरुस्त करण्यात मुरलेला. त्यामुळे नवं घर बांधतानाही त्याचा हात जुन्या वळणानंच गेला.

बंगल्याचं मूळ नाव पॅडकहर्स्ट. पुढे तो रॉबर्ट व्हाइटहेडनं घेतला. व्हाइटहेड म्हणजे टॉर्पेडो ज्यानं बनवला तो. 1894 मध्ये घर गेलं वीटमन पीअर्सनकडे. हा बोगदे आणि बंदरं बांधणारा बडा कंत्राटदार, टेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्याच कंपनीचा. नंतर मेक्सिकोच्या तेलात त्यानं आणखी कमावलं आणि लॉर्ड काउड्री झाला. त्यानं ॲस्टन वेबला बोलावून घर वाढवलं. बकिंगहॅम पॅलेसचा आजचा दर्शनी भाग ज्याचा, तोच हा वेब. पीअर्सन 1927 मध्ये गेला. 1933 मध्ये डाउनसाइड या दुसऱ्या मठाच्या बेनेडिक्टाइन साधूंनी ती मालमत्ता विकत घेतली, तिथं प्रायरी म्हणजे धाकटा मठ थाटला आणि लहान मुलांची शाळाही काढली. युद्धाच्या यंत्रावर आणि तेलावर पोसलेल्या घरात प्रार्थनेच्या घंटा सुरू झाल्या.

पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मी पुढच्या दाराकडे पाहिलंच नाही. सरळ मागच्या बाजूला गेलो. ही सरांची शिकवण. ‘दर्शनी भिंत पाहुण्यांसाठी असते रे. घर बघायचं तर मोरीच्या बाजूनं बघ,’ असं ते म्हणायचे.

आठवीतली गोष्ट. गणिताचे सर रजेवर होते, तास ऑफ होता. शाळा तेव्हा सरदारांच्या जुन्या वाड्यात भरायची. सर आम्हाला वाड्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. आम्हाला वाटलं, एलिमेंटरीची तयारी, आता वस्तुचित्र काढायला लावणार. पण वह्या वर्गातच ठेवायला सांगितल्या. टाकीमागची भिंत तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. तिच्यात एक बुजवलेली कमान होती. सर म्हणाले, ‘ही कमान कुणी बुजवली?’ कुणी म्हणालं इंग्रजांनी, कुणी म्हणालं भूत येत होतं म्हणून. सर हसले नाहीत. कमानीतल्या विटा आणि भरावातल्या विटा यांच्यावरून त्यांनी आमची बोटं फिरवली. वरच्या पातळ, चपट्या, चुन्यातल्या. आतल्या जाड, कारखान्याच्या, सिमेंटातल्या. मग शेजारच्या दगडात बसवलेली लोखंडी कडी दाखवली. आमच्या छातीच्या उंचीवर होती. तिच्याखाली दगडात एक अर्धगोल खाच पडली होती, गुळगुळीत, बोट बरोब्बर बसेल अशी. ‘कडी हलून हलून दगड झिजलाय. कोण हलवत असेल?’ दोन मिनिटं कुणी बोलेना. शेवटी घंटा द्यायला निघालेले शिपाईमामाच थांबले आणि म्हणाले, ‘घोडं, दुसरं काय!’ सरांनी मामांशी हात मिळवला. म्हणजे आमच्या सातवी ब चा वर्ग भरायचा ती सरदारांची पागा होती. पुढचा आठवडाभर त्या वर्गातली मुलं खिंकाळत होती, आणि मार मात्र आम्हाला बसला.

तर वर्थला मागच्या बाजूनं शिरलो आणि हिंडत हिंडत पोहोचलो पीअर्सनच्या जेवणघरात. भिंतीच्या वरच्या अंगाला प्लास्टरमध्ये उठावाचं काम आहे, वॉल्टर क्रेन या इंग्रज चित्रकाराचं. विषय काय, तर प्रवासाच्या साधनांचा इतिहास, पायी चालणाऱ्या माणसापासून मोटारीपर्यंत. 1897 च्या सुमाराचं काम, तेव्हा मोटार अगदी नवलाची. क्रेन पक्का समाजवादी, आणि सजवत होता कोट्यधीशाचं जेवणघर! सरांना हे भारी आवडलं असतं, म्हणून त्याच रात्री पत्र लिहिलं. त्यात हेही घातलं की हा क्रेन 1906-07 च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात फिरून गेला होता. आणि लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केलेल्या अजिंठ्याच्या नकला आहेत, त्याचा दर्शनी भाग वेबचाच. त्या नकलांतल्या बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या, हे सर सांगत तेव्हा घरातलंच काही गेल्यासारखा त्यांचा आवाज व्हायचा. सर जे. जे.चे ना.

उत्तर आलं. ‘पत्र मिळाले. फोटो पाठवू नकोस. बसून काढ आणि पाठव.’ खाली सही.

मी काढलं, पाठवलं. पेन्सिलनं दुरुस्त करून परत आलं. त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले.

मला त्या साधूंचं कौतुक याचं वाटतं, की घर हातात आलं म्हणून त्यांनी आधीच्या मालकाला पुसून टाकलं नाही. लॉर्डसाहेबांच्या मोटारी भिंतीवर तशाच आहेत. 1957 मध्ये मठ स्वतंत्र झाला, 1965 मध्ये ॲबी, म्हणजे पूर्ण दर्जाचा मठ झाला. मोठं चर्च हवं झालं, तेव्हा त्यांनी बंगला पाडला नाही. बाजूला फ्रान्सिस पोलन या वास्तुकाराकडून नवं बांधून घेतलं. तेही सॅल्व्हिनची नक्कल न करता. विटा आणि काँक्रीट, वर बसकं गोल छप्पर, दुरून पाहिलं तर उडती तबकडी उतरलीय असं वाटावं. 1975 मध्ये त्याचा अर्पणविधी झाला. 2011 मध्ये तिथली बाकं डिझायनर थॉमस हेदरविकनं केली, अक्रोडाच्या लाकडात. जुनं जुन्यासारखं, नवं नव्यासारखं, आणि दोघं शेजारी नांदतात.

आपल्याकडे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. मागच्या वेळी आलो तेव्हा टाकीमागे पेव्हर ब्लॉक होते आणि कमानीच्या जागी देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाइट. माझंही नाव आहे त्यावर, स्पेलिंगसकट चुकीचं. कडी कुठं गेली म्हणून विचारलं, तर भंगारात. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, हवेशीर वर्ग आहेत, मुलींची सोय झाली, हे चांगलंच झालं. पण ती भिंत पार्किंगच्या आड येत होती असं कुणी पटवून देऊ नका. मी नकाशा पाहिलाय. संपादकांना हा परिच्छेद गाळायचा असेल तर खुशाल गाळा.

सरांच्या नावानं आठवीसाठी दरवर्षी एक बक्षीस ठेवावं, असं शाळेला कळवलं आहे आणि पैसे पाठवले आहेत. अट एकच. गावातली कुठलीही जुनी इमारत मागच्या बाजूनं बघून, मापं घेऊन काढायची. दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचं झाड असलेलं निसर्गचित्र स्वीकारलं जाणार नाही.