गुडघ्याखालची बोटभर जागा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वावरात स्ट्रॉबेरीची लावण चालू होती. वाई तालुक्याच्या पश्चिमेला आमचं गाव. गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा कागद, कागदाला भोकं आणि एकेका भोकात एकेक रोप. हे काम उभ्यानं होत नाही. उकिडवं बसायचं आणि तसंच पुढं सरकत राहायचं. मी चार दिवस सकाळी आठपासून ऊन उतरेपर्यंत बसले. ऑगस्टमध्ये टायफॉईडनं माझं साडेआठ किलो वजन गेलं होतं. अंगात जोर नव्हता, पण मजूर मिळत नव्हते आणि आणलेली रोपं थांबत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून उजव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या यायला लागल्या. उठलं की जायच्या, बसलं की पुन्हा. लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे मोरीकडं निघाले तर उजव्या पायातली चप्पल निसटून मागंच राहिली. परत घातली, परत निसटली. दिवा लावून पाहिलं तर चवडा वर येतच नव्हता. टाच टेकत होती आणि तिच्यामागून अख्खा पंजा फरशीवर फटकन आपटत होता. उंबरा ओलांडायला गुडघा जिना चढताना उचलतो तसा उचलावा लागला. दुखत काहीच नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच जास्त भीती वाटली.

आत्या म्हणाल्या, "वारं गेलं पायावरनं." लकवा हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तोच होता. चार दिवस निर्गुडीच्या तेलानं पोटरी चोळली. चोळणाऱ्या हातांत माया होती, पण पोटरीला काही झालंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मग एका डॉक्टरांनी कंबरेत नस दबली असं सांगून मणक्याचा एमआरआय लिहून दिला. माझी कंबर कधी दुखली नव्हती. पैशांची जुळवाजुळव चालली असतानाच यांच्या मामेभावानं साताऱ्याला मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्या डॉक्टरांनी यंत्र काढलं नाही. स्वतःचा तळहात माझ्या पायाला लावून ते एकेक सांगत गेले. पंजा वर उचला: उचलला नाही. अंगठा वर करा: नाही. पंजा बाहेर वळवा: नाही. आता खाली दाबा, ब्रेक दाबतात तसा. तो इतका जोरात दाबला गेला की त्यांना हात घट्ट धरावा लागला. शेवटी म्हणाले, पंजा आत वळवा. तोही जोरात वळला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

ते म्हणाले, "कंबरेत नसेच्या ज्या मुळातून पंजा उचलणाऱ्या स्नायूला तार जाते, त्याच मुळातून आत वळवणाऱ्या स्नायूलाही जाते. पण दोघांच्या वाटा मांडीच्या खालच्या भागात फुटतात. मुळावर दाब असता तर दोन्ही ढिले पडले असते. तुमचा एकच पडलाय."

मग त्यांनी गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाचा जो बारीक गोळा हाताला लागतो त्याच्या जरा खाली बोटानं टकटक केलं. तिथून पावलाच्या पाठीवर सर्रकन वीज गेली. कापसानं अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यात स्पर्श केला, तो मला कळलाच नाही.

गुडघ्याखाली पायात दोन हाडं असतात. बाहेरचं बारीक ते फिब्युला. सायटिकाची जी जाड नस मांडीच्या मागून येते, तिची एक फांदी, पेरोनियल नर्व्ह, या हाडाच्या मानेला वळसा घालून पुढं येते. तिथं तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, बाकी पांघरूण नाही. उकिडवं बसलं की वाकलेला गुडघा आणि ताणलेले स्नायू तिला हाडावर दाबून धरतात. माझी चरबीची गादी टायफॉईडनं नेली होती. तास-दोन तास नाही, चार दिवस मी ती नस त्या हाडावर आवळून धरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, या आजाराचं इंग्रजीतलं एक नावच 'स्ट्रॉबेरी पिकर्स पाल्सी' आहे. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांना असंच झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पट्ट्यात इतकी वर्षं हे पीक आहे, २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण बसण्याबद्दल आम्हाला कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.

आपल्या बोलण्यात 'नस' या एका शब्दात सगळंच येतं. रक्ताची शीर नस, हाडाला बांधणारी दोरी नस, आणि हुकूम नेणारी तारही नसच. माझ्या घरच्यांनी चोळायला पोटरी निवडली ती यातूनच. मला तेव्हा कुणी एवढंच सांगितलं असतं की स्नायू वेगळा आणि त्याला हलवणारा मज्जातंतू वेगळा, तर माझे ते चार दिवस तरी वाचले असते.

नसेची चाचणी, म्हणजे नसेतला वेग मोजणारी एनसीव्ही आणि स्नायूत सुई घालून करायची ईएमजी, तिसरा आठवडा संपल्यावर करायची ठरली. तार आतून तुटली असेल तर त्याची खूण स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी केली तर अर्धंच कळतं. तोवर पंजा उचलून धरणारं, बुटात घालायचं प्लास्टिकचं स्प्लिंट, साखर आणि बी-१२ ची तपासणी (दोन्ही ठीक निघाली), आणि उकिडवं किंवा पायावर पाय टाकून बसायचं नाही.

चाचणीचा दिवस मी विसरणार नाही. चाचणी करणाऱ्या मॅडमनी पावलाच्या पाठीवरच्या एका छोट्या स्नायूवर पट्ट्या चिकटवल्या आणि घोट्यापाशी विजेचा बारीक झटका दिला. माझी बोटं टुणकन हलली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा! मग तोच झटका गुडघ्याखाली, हाडाच्या मानेच्या खालच्या बाजूला दिला आणि माझा पंजा माझ्या डोळ्यांदेखत वर आला. मी किती दिवस जीव एकवटून जे करत होते आणि जे होत नव्हतं, ते एका झटक्यात झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या जागेच्या वर, गुडघ्याच्या मागं झटका दिला. पंजा जेमतेम थरथरला. दोन्ही झटक्यांमध्ये फार तर वीतभर अंतर असेल.

पडद्यावरचे आकडे मी लिहून घेतले. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत हुकूम सेकंदाला ४६ मीटर वेगानं धावत होता. हाडाच्या मानेवरून जाताना २७. झटक्यानं स्नायूत उठणाऱ्या विजेच्या लाटेची उंची घोट्यापाशी ४.२ मिलीव्होल्ट, गुडघ्याच्या मागून दिल्यावर १.१. म्हणजे पुढची तार जिवंत होती, स्नायू जिवंत होता, त्या एका वळणावर वाट बंद होती. नसेच्या धाग्यांवर मायलिनचं वेष्टन असतं, त्यामुळं हुकूम उड्या मारत वेगानं जातो. दाबानं ते वेष्टन त्या जागी खराब झालं होतं.

त्यानंतर सुई. ती दुखते, ते मी लपवणार नाही. निरोगी स्नायू सैल सोडला की यंत्राच्या भोंग्यातून आवाज येत नाही. माझ्या नडगीच्या स्नायूतून टप-टप-टप असा एकसारखा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, याला पत्र्यावरचा पाऊस म्हणतात. ज्या स्नायूधाग्यांची तार तुटते ते हुकमाशिवाय आपोआप फडफडायला लागतात, त्यांचा हा आवाज. म्हणजे थोड्या तारा तुटल्याही होत्या. मांडीच्या मागच्या एका आखूड स्नायूत सुई घातली तेव्हा मात्र शांतता. त्याला याच नसेची फांदी गुडघ्याच्या वरून मिळते, म्हणून वरची वाट साफ आहे हे पक्कं झालं. मणक्याचा एमआरआय करावा लागला नाही.

डॉक्टरांनी हिशोब मांडला. वेष्टन खराब झालेल्या तारा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुधारतात. तुटलेल्या तारा वरून नव्यानं वाढत येतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. घाई करण्यासारखं यात काही नव्हतं.

फिजिओथेरपीच्या ताईंकडं मी आठवड्यातून तीनदा वाईला जायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, स्नायू ओढतो म्हणजे नक्की काय होतं? त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवली. बोटं आखूड होत नाहीत, आत सरकतात आणि हात जवळ येतात. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असेच रचलेले असतात. नसेच्या टोकाशी हुकूम पोचला की तिथून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. हे धागे सरकण्याचं कोडं १९५४ साली उलगडलं, आणि तेही एकाच वेळी दोन गटांनी, ज्यांत ह्यू हक्सली आणि अँड्र्यू हक्सली असे एकाच आडनावाचे पण नात्यात नसलेले दोघे होते. एका गोष्टीसाठी दोन ठिकाणी माणसं झटत होती हे वाचून मला फार बरं वाटलं.

ताईंनी आणखी एक सांगितलं ते मी रोज घोकलं. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून शरीरात ते जोडीनं असतात. माझा पुढचा ओढणारा झोपला होता आणि मागची पोटरी एकटी ओढत होती. असंच राहिलं तर पोटरी आखडते, मग नस बरी झाली तरी पंजा वर येत नाही. म्हणून ओढणी चवड्याला अडकवून पाय लांब करायचा आणि पंजा अंगाकडं खेचून तीस आकडे मोजायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नंतर डोळे पायावर ठेवून 'उचल' म्हणायचं, उचललं नाही तरी. नडगीच्या बाहेर खळगा पडायला लागला होता, तो बघून रात्री झोप लागायची नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळीनंतर, 'उचल' म्हटल्यावर घोट्यापुढची दोरी कातडीखाली किंचित ताणली. पंजा हलला नाही. ताईंनी तिथं बोट ठेवलं आणि वहीत लिहिलं, ग्रेड १. शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. दोन आठवड्यांनी कुशीवर झोपून पंजा सरकला, ग्रेड २. डिसेंबरात बसून, जमिनीच्या ओढीविरुद्ध उचलला, ग्रेड ३. त्या दिवशी आत्यांनी देवापुढं साखर ठेवली. अंगठा सगळ्यांत मागं राहिला.

जानेवारीत दुसरी चाचणी झाली. हाडाच्या मानेवरचा वेग ४१ झाला होता. पत्र्यावरचा पाऊस जवळजवळ थांबला होता. पण 'उचला' म्हटल्यावर येणाऱ्या लाटा आधीपेक्षा मोठ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, ज्या धाग्यांची तार तुटली त्यांना शेजारच्या शाबूत तारांनी फांद्या फोडून आपल्यात घेतलंय. एक तार आता जास्त धागे सांभाळते, म्हणून लाट मोठी. भावकीत पोरकी पोरं वाटून घ्यावीत तसं माझ्या नडगीत झालं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता तोडणी चालू आहे. मी वाफ्यावर बसत नाही, यांनी सुताराकडून वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे करून घेतलेत, बायका त्यावर बसतात, आणि अर्ध्या तासानं मी हाक मारली की सगळ्या उभ्या राहतात. आधी कुरकुर झाली, मजुरी तोडणीवर आहे, वेळेवर नाही. मग आम्ही मजुरी दिवसावर केली. परवा एक मावशी उठल्यावर म्हणाल्या, "वहिनी, नडगीच्या भाईर मुंग्या येत्यात." मी त्यांना बांधावर बसवलं, पाय लांब करायला लावला, गुडघ्याखाली बोट ठेवलं आणि म्हटलं, "पंजा वर उचला बरं."

उचलला. त्या दिवशी त्यांना मी पेट्या भरायच्या कामाला लावलं.