मैत्रीवरचा हिवाळा आणि ठाण्यात अडकलेला कागद

अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रावर डिझेल जनरेटरचा तंत्रज्ञ म्हणून मी एक पूर्ण हिवाळा काढून आलो आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागातली आयटीआय झालेली मुले भेटली की तिथल्या थंडीबद्दलच विचारतात. मला मात्र त्या थंडीपेक्षा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीने अधिक छळले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांसाठी शास्त्रज्ञांखेरीज इलेक्ट्रिशियन, वेल्डर, वाहन मेकॅनिक, स्वयंपाकी अशांचीही निवड करते. मुलाखत, दिल्लीतील एम्समधली तपासणी आणि औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडचे बर्फावरील प्रशिक्षण या गोष्टी सुरळीत पार पडल्या.

अडले ते गावाजवळच्या ठाण्यात. मी बुटीबोरीला नोकरीस असल्याने अर्जात तिथला आणि गावचा असे दोन्ही पत्ते रीतसर दिले होते. बुटीबोरीचा अहवाल वेळेत गेला. गावी हवालदार आले तेव्हा पेरणीची घाई होती, घराला कुलूप होते आणि पोलीस पाटीलही तालुक्याला गेलेले होते. शेजारी कोणाला विचारण्याची तसदी न घेता त्यांनी ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारला. ज्या घरात माझ्या आजोबांपासूनच्या पिढ्या नांदल्या, त्या घरात मी राहत नाही, हे मला पासपोर्ट कार्यालयाच्या पत्रातून कळले. हवालदारांना भेटलो तर ते म्हणाले, “तुम्ही घरी भेटले नाही, मंग मी काय लिहू भाऊ?”

खुलासा दिल्यावर फेरपडताळणीचे आदेश निघाले आणि खरा खोळंबा तिथून सुरू झाला. पोलीस अधीक्षक कार्यालय सांगे की कागद ठाण्याला रवाना झाला आहे. ठाण्यात विचारावे तर तो मिळालाच नाही असे उत्तर येई. मधल्या काळात पोळ्याचा बंदोबस्त लागला आणि तो संपतो न संपतो तोच गणपतीचा. चौकशीला गेले की संबंधित हवालदार बंदोबस्तावर असत आणि त्यांच्या टेबलावरचे काही हलवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नसे. इकडे गोव्याहून पासपोर्टच्या प्रतीसाठी फोन येत होते, कारण केपटाऊनमार्गे जायचे म्हणजे पुढे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही लागणार होता.

शेवटी अधीक्षक कार्यालयातील एका वयस्क लिपिकांनी मला जावक क्रमांक आणि तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन ठाण्यात आवक रजिस्टर उघडायला लावले, तेव्हा त्याच क्रमांकाची नोंद कोणाच्या तरी सहीनिशी तिथे निघाली आणि कागद मुद्देमालाच्या याद्यांच्या गठ्ठ्याखाली सापडला. पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब त्याच दुपारी झाले. ठाणेदारसाहेबांच्या सहीला मात्र आणखी एक विसर्जन होऊ द्यावे लागले. म्हणून सांगतो, जाहिरातीची वाट न पाहता पासपोर्ट आधी काढून ठेवावा आणि कोणत्याही कार्यालयाने ‘पाठवला’ असे म्हटले की जावक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नये.

केपटाऊनहून विमान नोव्हो धावपट्टीवर, म्हणजे थेट बर्फावर, उतरते. १९८९ पासून वापरात असलेले मैत्री केंद्र शिरमाकर टेकड्यांतील उघड्या खडकावर उभे आहे. पिण्याचे पाणी समोरच्या प्रियदर्शिनी तलावातून येते आणि दक्षिणेला लागूनच हिमस्तर चढत जातो. उन्हाळी तुकडी परतली की हिवाळ्यात तिथे जेमतेम दोन डझन माणसे उरतात आणि अनेक महिने ना जहाज येते ना विमान. मेच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, तरी भर दुपारी उत्तरेच्या क्षितिजावर तांबूस पट्टा दिसतो. आम्ही जेवण आटोपून तेवढ्यासाठी खिडकीशी जात असू.

जनरेटर बंद पडला तर उष्णता आणि पाणी दोन्ही जाते, म्हणून माझी पाळी म्हणजे तेलाचा दाब, तापमान आणि भार यांच्या नोंदी ठेवणे. हिमवादळात पिठासारखा बारीक बर्फ वाहनांच्या इंजिनांत फटीफटींतून शिरून घट्ट बसतो आणि तो खरडून काढल्याशिवाय इंजिन सुरू करता येत नाही. हवा अतिशय कोरडी असल्याने बोटांच्या पेरांना भेगा पडतात. व्हॅसलीन भरपूर न्यावे. त्या कोरडेपणामुळे आणि वाऱ्यामुळे सर्वांत मोठी भीती आगीची असते, तेव्हा आग विझवण्याचा सराव कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. स्वयंपाकघरातील मदतीची पाळी सर्वांनाच येते, त्यात हुद्दा पाहिला जात नाही. मला ते आवडले, कारण मी केलेल्या ठेच्याला केरळच्या शास्त्रज्ञानेही दाद दिली.

औलीबद्दल सांगायचे राहिले: तिथे मिळणारे बूट तिथेच घालून भरपूर चालून पाहावेत. आणि शेती असणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपले सिम तिथे चालत नाही, त्यामुळे बँकेचा ओटीपी आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मार्चअखेरचे पीककर्ज आणि खरिपातील ई-पीक पाहणी ही कामे आपल्या गैरहजेरीतच येतात. आधार जोडलेले सिम घरी ठेवावे, बँकेच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन कल्पना द्यावी आणि कुलमुखत्यारपत्र निघण्याआधीच नोंदवून घ्यावे. त्यासाठीही दुय्यम निबंधकाकडे दोन चकरा गृहीत धराव्यात.